नगरपित्यांचा संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

माननीय अध्यक्षाबाई, मंडळाच्या सभासद भगिनींनो, आणि 'आम्ही नुसते न्यायला आलो आहोत' असे सांगून मागच्या भिंतीला टेकून उभे असलेल्या बंधूंनो,

कार्यवाहबाईंनी मला विषय दिला 'स्त्री आणि नागरी जीवन'. विषय मोठा भारदस्त आहे. अशा विषयावर बोलणारे सहसा ग्रीस देशापासून निघतात आणि वेळ संपेपर्यंत आपल्या गावापर्यंत पोचतच नाहीत. मी आपल्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून निघते. गिरणी ते भाजीबाजार, एवढाच माझा प्रवास. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. पण एका हातात दळणाचा डबा आणि दुसऱ्या हातात नातवंड धरून ज्यांनी ते भर पावसात कापले आहे, त्यांना ग्रीसचे कौतुक सांगायला नको.

निघण्याआधी एका शब्दाविषयी बोलू द्या. तो शब्द म्हणजे 'नगरपिता'. मला हा शब्द फार आवडतो. नगरसेवक म्हणण्यात ती मजा नाही. सेवक म्हटले की त्याला काम सांगावेसे वाटते. पिता म्हटले की आपण आपोआप हळू बोलू लागतो. आणि शब्द अगदी चपखल आहे. जुन्या घरातले वडील आठवा. घर त्यांचे, पण घरातली एक वस्तू त्यांना सापडायची नाही. पैसा त्यांच्या हातून जायचा, पण कशावर गेला असे विचारले की वर्तमानपत्र तोंडासमोर यायचे. छप्पर गळते म्हणून सांगितले तर म्हणायचे, "पाऊस थांबू दे, बघू." आणि पाऊस थांबल्यावर म्हणायचे, "आता कुठं गळतंय?" आपल्या पालिकेच्या बांधकाम खात्यात ही दोन्ही वाक्ये मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहेत. पहिले जुलैत आणि दुसरे नोव्हेंबरात.

महाराष्ट्रात 2011 पासून पालिकांतल्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव झाल्या आहेत. म्हणजे निम्मे नगरपिते आता नगरमाता आहेत. त्यांतल्या कित्येकजणी पदर खोचून काम करतात, हे मी आनंदाने सांगते. काही ठिकाणी मात्र त्यांच्या नंबरावर फोन केला की यजमान उचलतात आणि विचारतात, "बोला, काय काम होतं मॅडमकडं?" मॅडमकडे काम असेल तर मॅडमच बोलतील ना? पण ते राहू द्या. घरोघरी मातीच्या चुली.

या संसारातली सगळ्यांत मोठी हौस म्हणजे पाहुणे. एरवी वर्षभर घर कसेही असो, पाहुणे यायचे म्हटले की नगरपित्यांना खडबडून जाग येते. दोन वर्षांपूर्वी एक मंत्रिमहोदय आपल्या गावी येऊन गेले ते आपल्याला आठवत असेल. एका रात्रीत स्टेशनपासून सभेच्या मंडपापर्यंतचा रस्ता गुळगुळीत झाला. मंडपाच्या पुढे एक वीतभरसुद्धा नाही! झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. दुभाजकावर फुलांच्या कुंड्या आल्या. आमच्या शेजारच्या काकूंना वाटले, चला, निदान कुंड्या तरी राहतील. दुसऱ्या दिवशी सकाळी टेंपो आला आणि कुंड्या घेऊन गेला. भाड्याच्या होत्या.

ही हौस आजची नाही. 1880 साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी गाव शृंगारायला पुण्याच्या पालिकेने एक हजार रुपये खर्चायचे ठरवले. महात्मा जोतीराव फुले तेव्हा त्या पालिकेचे सभासद होते. ते म्हणाले, हा पैसा शोभेत उडवण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा. ठरावाच्या विरुद्ध मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. पुढे पुण्यात मोठी थोरली मंडई बांधायचा बेत निघाला, तेव्हाही इमारतीवर इतका पैसा ओतायला त्यांचा विरोध होता. मंडई व्हायची ती झालीच. 1886 साली ती 'रे मार्केट' या नावाने उघडली, आणि पुढे आचार्य अत्रे पालिकेत असताना तिला नाव मिळाले, महात्मा फुले मंडई. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही आता जोतीरावांचेच नाव आहे. अत्र्यांच्या मनात आदरच होता, त्याविषयी शंका नाही. पण एकंदर पालिकांची रीत पाहिली की मला वाटते, ज्याचे ऐकायचे नसते त्याचे नाव इमारतीला देऊन टाकणे सोयीचे पडते.

आता रस्त्याकडे वळते. जरा जपून वळते, कारण वळणावरच खड्डा आहे.

आपल्या गिरणीचा रस्ता गेल्या तीन वर्षांत सात वेळा खणला गेला. मी गॅलरीतच भाजी निवडत बसते, त्यामुळे हिशेब माझ्यापाशी चोख आहे. पहिल्यांदा पाण्याच्या नळासाठी. तो चर बुजतो न बुजतो तोच गटाराचे लोक आले. मग टेलिफोनची तार, मग विजेची केबल, मग गॅसची नळी. गॅसवाल्यांच्या फावड्याने पाण्याचा नळ फुटला म्हणून सहाव्यांदा पाणीवाले. आणि सातव्यांदा कोण आले होते ते खणणाऱ्यांनाही सांगता येईना. "साहेबांनी इथं खणा म्हटलं," एवढेच ते म्हणाले, आणि दोन दिवसांनी बुजवून गेले.

आपल्याकडे एका घरात चार जावा असतात. त्यांचे आपसांत कितीही वाकडे असो, दिवाळीच्या आधी त्या एकदा एकत्र बसतात आणि ठरवतात, आधी चकलीचा घाणा, मग करंज्या, तळण शेवटी तेल उतरेपर्यंत. कारण कढई एकच आहे. पालिकेची खाती तर एकाच इमारतीत बसतात, एकाच चहावाल्याचा चहा पितात. रस्ताही एकच आहे. तरी चकलीवाली कढई उतरवून गेली की करंजीवाली येऊन नव्याने चूल पेटवते, आणि तेल मात्र दर वेळी नवे. त्या तेलाचे पैसे कोणाचे, ते तुम्हीच ओळखा. घरपट्टीची पावती कपाटात असेलच.

खणण्याला माझी हरकत नाही. नळ हवा तर खणावे लागणारच. माझे म्हणणे बुजवण्याविषयी आहे. तुम्ही डब्यात पोहे भरता तेव्हा काय करता? थोडे घालता, डबा जमिनीवर आपटता, पोहे खाली बसले की आणखी घालता. नाहीतर वरून भरलेला दिसणारा डबा दोन दिवसांत चार बोटे रिकामा होतो. चर बुजवायचाही कायदा हाच आहे. माती-मुरूम थराथराने घालायचा, प्रत्येक थरावर पाणी मारायचे, धुमसाने ठोकून बसवायचा, आणि मग वर खडी-डांबर. आपल्याकडे काय होते, तर निघालेली सगळी माती एका दमात परत लोटतात आणि वरून काळी चादर ओढतात. मी एकदा गॅलरीतूनच विचारले, "अरे दादा, ठोकली नाहीस ती माती?" तो म्हणाला, "आजी, ट्रॅफिक बसवेल की तिला!" खरेच, ट्रॅफिकनेच बसवली. आणि पहिल्या पावसात एक स्कूटरवालाही तीत बसला.

डांबराचे आणि पाण्याचे मुळातच पटत नाही. एखादी चीर पडली की पाणी आत मुरते, खडीला धरून ठेवणारी डांबराची पकड सैल करते, आणि वरून चाक गेले की दाबलेले पाणी एकेक खडा उचकटून बाहेर फेकते. म्हणून रस्ता टिकवायचा तर आधी पाणी घालवले पाहिजे. मधे उंचवटा, दोन्ही अंगांना उतार, कडेला वाहते गटार. न्हाणीघराची फरशी बसवताना मोरीकडे ढाळ द्यायचा असतो हे गवंड्याला आपण सांगतो. सांगितले नाही तर तो विसरतो, हेही आपल्याला माहीत आहे. पालिकेच्या गवंड्याला सांगणारे कोणी नाही. म्हणून आपल्या रस्त्याच्या मधोमध तळे साचते आणि गटार कोरडे ठणठणीत राहते.

शिवाय जुने डांबर खरवडून काढायचे म्हणजे त्रास. त्यापेक्षा त्यावरच नवा थर. गेल्या वीस वर्षांत आमच्या चाळीसमोर इतके थर चढले की पूर्वी ओट्याला चार पायऱ्या होत्या त्यांतली एकच उरली आहे. गेल्या पावसाळ्यात पाणी पायरी न चढताच घरात आले. आल्या पाहुण्याला पायरीही चढायला लागू नये, इतके आतिथ्य दुसऱ्या कुठल्या गावात नसेल.

पाण्यावरून आठवले. मुंबई महापालिकेचा कायदा 1888 सालचा आहे. त्यात पालिकेने कोणती कामे केलीच पाहिजेत त्यांची यादी दिली आहे. त्या यादीत रस्त्यांवर दिवे लावणे, रस्ते झाडणे, आणि रस्त्यांवर पाणी मारणे ही कामे आहेत. तेव्हा धूळ उडू नये म्हणून पाणी मारीत. बाकीच्या कलमांचे आपल्याकडे काय होते ते सोडा, पण हे पाणी मारण्याचे कलम आपली पालिका कुणी न सांगता पाळते. बाजाराच्या तोंडाशी मोठा नळ फुटला आहे, तिथे गेले दोन महिने अहोरात्र कर्तव्यपालन चालू आहे. याच कायद्याच्या यादीतले अगदी पहिले काम कोणते आहे, ते मी तुम्हांला थोड्या वेळाने सांगेन. विसरू नका.

रस्त्यावर चालता येत नाही तर पदपथावर चाला, असे पालिकेचे पोलीस सांगतात. मागच्या श्रावणात आपल्या शिवणवर्गाच्या मुलींनी एक चांगला उद्योग केला. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे. रस्ते कसे असावेत याची मापे ती ठरवून देते. पदपथावर चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 150 मिलिमीटरांहून जास्त नको, असे तिचे माप आहे. मुली शिवणाची टेप घेऊन निघाल्या. टेप दीड मीटरची, तेव्हा एक टेप पुरायची नाही म्हणून दोन घेतल्या. दुसरी उघडावीच लागली नाही. बँकेसमोर विजेचा खांब आणि डीपीची पेटी यांच्यामधली वाट निघाली 42 सेंटिमीटर. वर्गातल्या एका मुलीने तिथेच आपल्या बाईंच्या कमरेचे माप घेतले आणि जाहीर केले की बाई या पदपथावरून जाऊ शकत नाहीत. उंची भरली 36 सेंटिमीटर. एवढ्या उंचीवर चढायचे म्हणजे आजीबाईंना खांब धरावा लागतो. आणि खांबावर पाटी आहे, 'सावधान, धोका, हात लावू नये'.

हसू नका बायांनो. 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की अडथळ्यावाचून पदपथावर चालता येणे हा घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. रस्त्यांच्या बाबतीत तर मुंबई उच्च न्यायालयाने हेच 2015 साली म्हटले होते. दहा वर्षे वाट पाहून, 2025 च्या ऑक्टोबरात, त्याच न्यायालयाने खड्ड्यांपायी किंवा उघड्या मॅनहोलपायी माणूस दगावला तर त्याच्या घरच्यांना सहा लाख रुपये, आणि जायबंदी झाला तर पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यावी असा आदेश दिला. ही विनोदाची गोष्ट नाही. एखाद्या घरातला कर्ता मुलगा संध्याकाळी परत यायचा राहून जातो, तेव्हा कुठे न्यायालयाला हे आकडे लिहावे लागतात.

आणि पालिकेला हसण्यातही जोखीम असते बरे का. 2017 साली मुंबईच्या रेडिओवरच्या एका बाईंनी खड्ड्यांवर विनोदी गाणे म्हटले. गाणे गाजले. थोड्याच दिवसांत पालिकेचे पथक त्यांच्या आईच्या घरी तपासणीला गेले, तिथे कुंडीखालच्या बशीतल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या आणि नोटीस निघाली. अख्ख्या रस्त्यातले खड्डे दिसत नाहीत, पण बशीतली अळी दिसते. दृष्टी अधू आहे असे कोण म्हणेल? मी आज सकाळीच माझ्या तुळशीखालची बशी पालथी घालून आले आहे. तुम्हीही घरी गेल्यावर घाला.

कुणी म्हणेल, नगरपिते नसते तर आणखी वाईट झाले असते. तोही प्रयोग होऊन गेला. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली आणि निवडणूक झाली ती 2026 च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षे एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकांच्या हाती. तिथे राहणाऱ्या माझ्या दोन्ही बहिणींना मी विचारले, काही फरक जाणवला का? धाकटी म्हणाली, "चौकातले वाढदिवसाचे फलक जरा कमी झाले होते." खड्ड्यांना मात्र मुदत संपल्याचे कोणी कळवलेले दिसत नाही.

आता बागेत जरा टेकू. म्हणजे टेकायला जागा असली तर. आपल्या बागेत चार बाके आहेत. प्रत्येकाच्या पाठीवर 'अमुक तमुक यांच्या प्रयत्नांतून' असे लिहिले आहे. अक्षरे बाकापेक्षा मोठी. बसले की पाठीने नाव झाकते, म्हणूनच की काय कोण जाणे, दोन बाकांची बसायची फळीच नाहीशी झाली आहे. नाव शाबूत आहे. फाटकावर पाटी आहे: गवतावर चालू नये, फुले तोडू नयेत, मुलांनी चेंडू खेळू नये, खाद्यपदार्थ आणू नयेत. श्वास घेण्याविषयी काही लिहिलेले नाही, तेवढे करून आम्ही परत येतो. आणि बागेच्या वेळा? सकाळी सहा ते दहा, संध्याकाळी चार ते आठ. सकाळी सहा ते दहा आपण काय करतो? डबे. संध्याकाळी चार ते आठ? मुलांच्या शाळा, दिवाबत्ती, रात्रीचा स्वयंपाक. बाईला दिवसातून जो काय तास-दीड तास स्वतःचा मिळतो तो दुपारी, जेवणे-भांडी आटोपल्यावर. नेमकी तेव्हा बाग बंद. ही वेळ ठरवणाऱ्या सभेत एकही बाई नसणार, किंवा असली तर ती घरी चारचा चहा ठेवायला आधीच उठून गेली असणार.

अशा तऱ्हेने आपण बाजारात पोचलो. इथे मला थोडे सावकाश बोलायचे आहे.

1888 च्या त्या यादीतले पहिले काम आठवते ना? पहिले काम आहे गटारे, आणि सार्वजनिक शौचकूप व मुताऱ्या बांधणे आणि स्वच्छ ठेवणे. दिव्यांच्याही आधी, रस्त्यांच्याही आधी. आपल्यासारख्या गावांच्या नगरपालिकांसाठी 1965 चा वेगळा कायदा आहे. त्यातही हे काम आवश्यक कर्तव्यांत घातले आहे. ऐच्छिक नव्हे, आवश्यक. साहेबांच्या राज्यातल्या दाढीमिशावाल्या पुरुषांना जे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी समजले होते ते मी इथे उच्चारताना मात्र पहिल्या रांगेतल्या दोघींनी माना खाली घातल्या. घालू नका. या लाजेवरच पालिकेचा सगळा कारभार तरला आहे.

आपल्या बाजारात शौचालय आहे. चार वर्षांपूर्वी फीत कापून, नारळ फोडून त्याचे उद्घाटन झाले. डाव्या बाजूला पुरुषांचे, उघडे, फुकट. उजव्या बाजूला बायकांचे. त्याला कुलूप आहे. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी लागले ते आजतागायत. आत काय आहे ते मी खिडकीच्या फटीतून पाहिले आहे: झाडू, चुन्याची पोती आणि गुंडाळून ठेवलेले स्वागताचे फलक.

चावीसाठी आपल्या मंडळाच्या चौघी गेलो होतो. आरोग्य खात्यातले लिपिक फार सौम्य. म्हणाले, "ताई, इमारत बांधकामची आहे." बांधकामवाले म्हणाले, "आम्ही बांधून ताब्यात दिली, आता ती बाजार विभागाकडं." बाजार विभागातले गृहस्थ खरे बोलणारे होते. "कुलूप आमचंच आहे, मावशी," ते म्हणाले. "पण उघडायचं तर आत बाई कामाला लागते. बाईची जागा मंजूर नाही. बाई नाही म्हणून बायकांचं बंद."

मी विचारले, "मग पुरुषांचं कोण साफ करतं?"

"ती एक बाई आहे," ते म्हणाले.

मुंबईत बायकांच्या संस्थांनी 2011 साली याच गोष्टीसाठी चळवळ उभी केली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून त्याच कामाचे पैसे, हे का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. 'राइट टू पी' असे नाव त्यांनी चळवळीला दिले. नाव ऐकून पुष्कळजण हसले. हसणाऱ्यांना कोपऱ्यावरची कुठलीही भिंत चालते, त्यांना हसायला काय जाते?

बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या मावशी पहाटे चारच्या गाडीने येतात आणि दुपारी दोनला उठतात. दहा तास. त्यांतल्या एकीला मी वीस वर्षे ओळखते. तिची मेथी कधी शिळी नसते. गेल्या मे महिन्यात ती टोपल्याशेजारीच चक्कर येऊन पडली. लोक म्हणाले, ऊन लागले. कुणी कांदा आणला, कुणी वारा घातला. पाणी द्यावे म्हणून मी तिची बाटली उचलली. बाटली काठोकाठ भरलेली होती. अकरा वाजले होते आणि तिने झाकणसुद्धा उघडलेले नव्हते. शुद्धीवर आल्यावर मी रागावले, तर म्हणाली, "बाई, पाणी प्यायलं तर मग जाऊ कुठं? सकाळचा चहासुद्धा मी सोडलाय." आपल्या मंडळाच्या डॉक्टरीणबाई सांगतात की लघवीच्या जागी जळजळ, ताप, मूत्रमार्गाचे दुखणे घेऊन त्यांच्याकडे येणाऱ्यांत बाजारातल्या बायका नेहमीच्याच. पाणी पुष्कळ प्या, असे त्या सांगतात. मावशी मान डोलावतात आणि औषध घेऊन जातात.

याविषयी आपण दहा अर्ज केले. त्यांतल्या सहांची पोच मिळाली. एका अर्जाला उत्तर आले की 'आपल्या पत्रातील पथदिव्याची दुरुस्ती करण्यात आली आहे'. आता तक्रारीसाठी मोबाइलवर ॲप निघाले आहे, तर आपल्या खजिनदारबाईंच्या सुनेने त्यावरही फोटोसह तक्रार टाकली. तीन दिवसांत संदेश आला, 'तक्रार निकाली काढण्यात आली.' सोबत पुरावा म्हणून फोटोही होता. उघड्या दाराचा. डाव्या बाजूच्या.

गोरेगावच्या मृणाल गोरे 1961 साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. गोरेगावात पाणी नव्हते. त्यांनी पाण्याचा असा काही पिच्छा पुरवला की लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पुढे महागाईविरुद्ध त्या आणि अहिल्याबाई रांगणेकर बायकांना घेऊन निघाल्या, तेव्हा बायकांच्या हातांत लाटणी होती. त्यांना कुणी व्याख्यान द्यायला बोलावले नव्हते आणि मंत्र्यांनी भेटीची वेळही दिलेली नव्हती.

तेव्हा भगिनींनो, कार्यवाहबाईंच्या परवानगीने आता एक सूचना. येत्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात अकरावा अर्ज द्यायचा आहे. लाटणी आणू नयेत; हल्ली फाटकावर पिशव्या तपासतात. मेथीवाल्या मावशी आणि बाजारातल्या आणखी सातजणी भाजी लवकर आटोपून आपल्याबरोबर येणार आहेत. आपल्याकडून निदान वीस नावे हवीत. वही दाराशी ठेवली आहे, फराळाला जाण्याआधी सही करावी. येताना प्रत्येकीने घरून दोन पेले पाणी पिऊन यावे. त्या कचेरीत बायकांच्या मोरीची चावी मुख्याधिकाऱ्यांच्या शिपायापाशी असते, आणि आपण अठ्ठावीसजणी ती एकामागून एक मागणार आहोत. साहेबांचे दालन दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्टवर 'फक्त पदाधिकाऱ्यांसाठी' अशी पाटी आहे. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दहा मिनिटे आधी यावे.